घरी बोलली जाणारी भाषा

१५ जून २०२४, जत

ही वही अम्माने दिली. "उधर तेरे से बोलनेकू कौन है? इसमेंच बोल," म्हणाली. अम्माचं बोलणं खोटं ठरत नाही. आज दिवसभरात माझ्याशी मन लावून बोलला तो फक्त वडाप जीपचा ड्रायव्हर, तोही पुढच्या सीटचे दहा रुपये जास्त घेण्यासाठी.

अम्मा मला सांगलीपर्यंत पोचवायला आली होती. रहिमतपूरला पॅसेंजरमध्ये बसल्यापासून तिचं आपल्या घरच्या बोलीत चालू होतं, परवीन ये कर, परवीन वो नक्को कर. कराडला एक बाई शेजारी येऊन टेकल्या आणि अम्मा वाक्याच्या मधोमध मराठीत शिरली. "डबा वेळेवर खात जा गं." सवयीने मीही मराठीत उत्तर दिलं. सांगलीत गाडी बदलताना हळदीचा वास आला, तो मिरजेपर्यंत कपड्यांना होता. त्यापुढे धुरळाच.

जतहून वडाप, वडाप सोडल्यावर दोन किलोमीटर पायी, तेव्हा गुड्डवस्ती येते. माळावर विखुरलेली चौदा घरं, बिरोबाचं देऊळ आणि दोन खोल्यांची शाळा. शाळेच्या पाटीवरचं एक अक्षरही मला वाचता आलं नाही. मी मराठीची बाई, डी.एड. साताऱ्याचं, आणि नेमणूक कन्नड शाळेत. जागा रिकामी होती, माझा नंबर आला, बाकी कुणाला काही वाटलं नाही. मला मात्र पाटीखाली उभी असताना रडू आलं.

मुख्याध्यापक बसगोंडा सर म्हणाले, "भिऊ नका ओ बाई. पोरं शानी हायत. तुमी बोला, ती बोलतील." त्यांना निवृत्तीला सहा महिने आहेत. म्हणजे जानेवारीपासून मी, पाटी आणि सतरा पोरं.

१८ जून

नवल आहे. वर्गात भीत भीत विचारलं, "तुझं नाव काय?" तर पहिल्या रांगेतली चौथीची मुलगी ताडकन उभी. "मायव्वा. बाचं नाव धुळा. आमी मेंढरंवालं." स्वच्छ मराठी. तिच्यामागून बाकीच्यांनीही मराठीतच नावं सांगितली. मग मला ही कन्नड शाळा आहे असं का सांगितलं?

७ जुलै

रविवार. खोलीवर बसून भिंतीसाठी नकाशा काढला. भूगोल हे माझं खूळ आहे. महाबळेश्वरला पाच-सहा हजार मिलीमीटर पाऊस, कराडला सातशेच्या आसपास, इथे पाचशेला मारामार. घाटाकडे निळा खडू संपला आणि जतपर्यंत येईतो नुसतं बोट फिरवायची वेळ आली.

८ जुलै

बसगोंडा सरांना माझी जुनी शंका विचारली. साताऱ्याच्या पश्चिमेला डोंगर आहेत, या खोऱ्यातल्या माणसाचा हेल त्या खोऱ्यात नसतो, हे मला समजतं. डोंगर आडवा येतो. पण या माळावर आडवं यायला आहे काय? इथून विजापूरपर्यंत चेंडू टाकला तर घरंगळत जाईल. मग या गावात मराठी आणि पलीकडच्या वस्तीत कन्नड, असं कसं?

सर हसले. "पाऊस आडवा येतो की ओ बाई."

मला कळलं नाही. मग त्यांनी सावकाश सांगितलं. उसाच्या पट्ट्यातला माणूस या कोरड्या रानात मुलगी देत नाही. तिला पाण्यासाठी मैलभर जावं लागेल हे त्याला ठाऊक असतं. म्हणून इथल्या पोरांना बायका येतात त्या खालून, विजापूरकडून, तितक्याच कोरड्या मुलखातून. "बाई आली की तिची भाषा आली. पोर तिच्याच मांडीवर शिकतंय. बा तर आठ म्हैनं मेंढरामागं. असं पिढ्यान् पिढ्या चाललंय."

सव्वीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाने हे मला चहा पिता पिता सांगितलं. डी.एड.च्या कुठल्या पुस्तकात नव्हतं.

१९ ऑगस्ट

आज मायव्वाने माझी चूक काढली. नकाशावर मी जतहून कृष्णेकडे सरळ रेघ मारली होती, धनगर मेंढरं घेऊन असे जातात म्हणून. ती म्हणाली, "तसं न्हाई बाई, मरतील मेंढरं. मदी पानी कुटाय?" खडू घेऊन तिने वळणावळणाने वाट काढली. मुक्कामाचे एकवीस तळ, प्रत्येकाचं नाव क्रमाने. कुठल्या गावचा पाटील चांगला, कुठे कुत्री वाईट, कुठे खतासाठी शेतात मेंढरं बसवली की जोंधळा मिळतो. दिवाळीनंतर जायचं, पावसाच्या तोंडावर परत यायचं. दर वर्षी ती जाते. म्हणून वय अकरा आणि इयत्ता चौथी.

मी तिची रेघ पुसली नाही, पण खाली माझी सरळ रेघ ठेवली. परीक्षेत सरळच विचारतात.

११ सप्टेंबर

सर मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी सांगलीला गेलेत, पंधरा दिवस. आणि नेमकी वरून माहिती मागवली आहे. प्रत्येक मुलाचं नाव, वय, आणि एक रकाना: घरी बोलली जाणारी भाषा. शुक्रवारपर्यंत भरायची. सरांना फोन लावला तर त्यांच्या मिसेस म्हणाल्या, डोळ्याला पट्टी आहे, बोलायला देत नाहीत. हरकत नाही. मी काही वर्गात बसून अंदाजपंचे रकाने भरणारी नव्हे. घरोघर जाणार.

१३ सप्टेंबर

पाय दुखून आलेत, पण काम झालं. चौदाही घरं फिरले.

मायव्वाच्या घरी तिची आजी धोंडुबाई भाकरी थापत होती. मी कुंपणापाशी असताना आतून हसण्या-बोलण्याचा आवाज येत होता, मी दिसले तसा थांबला. मायव्वा काहीतरी बोलणार होती, म्हातारीने तिला डोळ्यांनी दटावलं आणि म्हणाली, "बसा ओ बाई. च्या घ्या." मी विचारलं, "आजी, घरात तुम्ही काय बोलता? कन्नड की मराठी?"

"मराठीच की ओ बाई."

"नक्की?"

"व्हय की. आता तुमच्यासंगं काय बोलाय लागलोय?" आणि हसली. तिला चारच दात आहेत, हसली की फार गोड दिसते.

सगळीकडे हेच. अकरा घरांत मराठी. देवळापलीकडच्या तीन घरांनी, सरांच्या भावकीतल्या लोकांनी, ठणकावून कन्नड सांगितलं. म्हणजे मराठी चौदा मुलं, कन्नड तीन. मला मनातून आनंद झाला, खोटं कशाला लिहू. तीन महिन्यांत मुलं माझ्याशी घडाघडा मराठी बोलतात त्यात माझीही थोडी मेहनत असणारच.

शेवटी शिक्षकांचाही तक्ता होता. माझ्या रकान्यात उर्दू लिहिलं. उर्दू मला वाचता येत नाही, पण आमच्या घरच्या बोलीला यादीत नाव नसतं आणि आमच्यात सगळे तेच लिहितात. संध्याकाळी माहिती पाठवून दिली. तालुक्यात पहिली शाळा आमची.

६ नोव्हेंबर

दिवाळी झाली. आज मेंढरं हलली. घोड्यांवर संसार बांधला, मेंढरं कोंडायची जाळी, भांडी, कोकरांच्या टोपल्या. मायव्वा गेली नाही!

हे बसगोंडा सरांचं काम. काळा चष्मा लावून ते चार वेळा धुळाकडे गेले. पाचव्या वेळी मला नेलं. धुळा उंच, अबोल माणूस. खाली बघत म्हणाला, "सर, पोरगी न्हाई तर कोकरं कोन बघनार? तरी बी ठेवतो. शाळा दारात हाय म्हनून. आय बसल्या जाग्यावरनं तिला बघंल. लांब धाडायची म्हटलासा तर न्हाई जमायचं."

"लांब कशाला? पाचवीपर्यंत इथंच हाय की," सर म्हणाले.

"मग ठेवतो."

कळप टेकडीआड गेला तरी मायव्वा बघत होती. मग शाळेत आली आणि भागाकार सोडवू लागली. तीन चुकले, मी फुली मारली नाही.

२० डिसेंबर

सर कागद आवरत आहेत. आज त्यांच्या हातात सप्टेंबरची प्रत आली. बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं डोळ्याचा त्रास होतोय.

"बाई, ही माहिती कवा धाडली?"

"तुम्ही दवाखान्यात होता तेव्हा. घरोघर फिरून गोळा केली, सर."

"चौदा मराठी?"

"त्यांनीच सांगितलं."

सर खाली बसले. म्हणाले, "इचारलासा ते बरं केलासा. पर दुपारच्याला, कुनी न्हाई बघून, गोठ्याच्या मागं उभं ऱ्हाऊन ऐकायचं हुतं."

मग त्यांनी मला नेलं. धोंडुबाईच्या गोठ्यामागे आम्ही दोघं चोरासारखे उभे राहिलो. आत ती आणि मायव्वा बोलत होत्या. भांडत होत्या, हसत होत्या, मायव्वा काहीतरी लांबलचक सांगत होती, इतकं भरभर मी तिला कधी ऐकलं नव्हतं. मला एक शब्द कळला नाही. मला लाज वाटली. वर्गातली मायव्वा ही या मुलीचा चौथा हिस्सा आहे.

तरी मी सरांना म्हटलं, दुरुस्ती पाठवू, त्यात काय. 

३१ डिसेंबर

सरांचा निरोप समारंभ. पोरांनी कन्नडमध्ये गाणं म्हटलं. मी टाळ्या वाजवल्या.

९ जानेवारी २०२५

सांगलीला जाऊन आले. ऑफिसातले भाऊसाहेब सज्जन होते, बसायला खुर्ची दिली. "मॅडम, माहिती बंद झालीय. आता उघडत नाही. आणि खाली सही तुमचीच आहे. त्यात तुम्हीच लिहिलंय, प्रत्यक्ष घरी जाऊन खात्री केली."

मीच लिहिलं होतं. कुणी मागितलं नसताना, माझ्या हुशारीने.

अर्ज देऊन आले. पोच घेतली. येताना कृष्णेच्या घाटावर तासभर बसले. महाबळेश्वरचं पाणी इथून पुढे कर्नाटकात जातं, त्याला कुणी विचारत नाही घरी काय बोलतोस. असले विचार करण्यापेक्षा चार महिन्यांपूर्वी अक्कल वापरली असती तर बरं झालं असतं.

२ फेब्रुवारी

मायव्वाकडून कन्नड शिकते आहे. पहिल्यांदा तिला फार संकोच वाटला, पुन्हा पुन्हा दाराकडे बघे. आता मजा घेते. नीर म्हणजे पाणी. कुरी म्हणजे मेंढरू. गुड्ड म्हणजे टेकडी, म्हणजे गावाच्या नावाचा अर्थ मला आठ महिन्यांनी कळला. बा म्हणजे ये. मी "बा" म्हटलं की ती हसून लोळते, म्हणते, "बाई, कोकराला बोलावल्यावानी नगा बोलावू!" ती मला शिक्षा म्हणून उठाबशा काढायला लावते. या वर्षातले हेच दिवस चांगले.

२८ मार्च

आदेश आला.

कन्नड बोलणारे विद्यार्थी तीन असल्याने गुड्डवस्तीची कन्नड शाळा जूनपासून बंद. मराठी भाषिक चौदा मुलांची सोय मराठी शाळेत करावी. ती शाळा साडेपाच किलोमीटर. मधे ओढा, रस्ता नाही. माझ्या अर्जाचा उल्लेखही नाही.

साडेपाच किलोमीटर. धुळाचं "शाळा दारात हाय म्हनून" कानात घुमतंय. जेवले नाही.

३० मार्च

धोंडुबाईकडे गेले. मला भांडायचं होतं, खरं सांगायचं तर दोष कुणाच्या तरी गळ्यात घालायचा होता. म्हटलं, "आजी, तुम्ही मला मराठी का सांगितलं?"

म्हातारीने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, "बाई, सा सालं झाली. कराडाच्या अंगाला, उसाच्या रानात मेंढरं बसीवली हुती. अंधार पडला. धुळा नि त्याचा भाऊ जाळीजवळ बसून आपल्या भाषंत बोलत हुती. काय बोलत हुती? एक मेंढी फुगली हुती तिचं. मालकाच्या मानसास्नी वाटलं, ह्यंचं काय तरी ठरतंय. चोर म्हनून बडावलं. भावाचा हात आजून सरळ हुईत न्हाई." तिने स्वतःचा हात वाकवून दाखवला. "तवापास्नं ठरीवलंय. परक्या मानसाफुडं आपला शबूद काढायचा न्हाई. पोरास्नी बी तेच शिकीवलंय. तुमी वही पेन घिऊन आलासा."

मी परकी, वहीपेनवाली. आणखी काय सांगणार होती ती मला?

मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलं?" तर म्हणाली, "तुमी कवा इचारलासा?"

जतच्या खोलीवर येताना वडापमध्ये अम्माचा फोन आला. शेजारी चार माणसं होती. मी मराठीत बोलले. "हो. जेवले. ठेवते." फोन ठेवल्यावर ते माझं मराठी मलाच ऐकू आलं.

१७ एप्रिल

पुन्हा सांगली. पुन्हा पोच. बसगोंडा सरही आले होते, काठी घेऊन. साहेब म्हणाले, नवीन पाहणी झाली की बघू. कधी? ते सांगता येत नाही. सर जिना उतरताना म्हणाले, "तुमचा दोष न्हाई ओ बाई." ते मला बरं वाटावं म्हणून बोलले. दोष माझाच आहे.

१२ जून

मेंढरं परत आली. धुळा शाळेकडे आला, कुलपाकडे बघितलं. मी व्हरांड्यात शाळेचं दप्तर आवरत होते. त्याने रागवावं असं मला वाटत होतं. तो म्हणाला, "पोरीनं मला चिठ्ठी लिवली हुती. तळावर दुसऱ्याकडनं वाचून घेतली. दोन डाव." मग पटका सावरत, "येतो बाई."

मी त्याला ओढ्यापलीकडच्या शाळेचं सांगितलं, सायकल मिळवून देते म्हटलं. त्याने ऐकून घेतलं. ओढ्याला पूर आला की काय, हे त्याने विचारलं नाही.

१९ जून

माझी बदली. कराडजवळ, कृष्णाकाठी. रहिमतपूरचं घर तासाभरावर. गेल्या जूनमध्ये याच गावासाठी मी अर्ज केला होता, अम्माने नवस बोलला होता. शाळा बंद झाली म्हणून मी जादा ठरले आणि जादा म्हणून मला हवी ती जागा मिळाली.

अम्मा फोनवर आनंदाने रडली. मला तिचा राग आला.

२ जुलै

नवी शाळा. फरशी, नळ, पंखे. भिंतीवर छापील नकाशा आहे, त्यावर जतच्या जागी एक ठिपका.

१५ ऑगस्ट

बसगोंडा सरांचा फोन. मायव्वा नऊ दिवस ओढ्यापलीकडे गेली. मग पाणी आलं, मग गेली नाही. बाकीचीही घरीच आहेत, दोघंतिघं सोडून. सर देवळात पोरांना तासभर शिकवतात. "डोळं साथ देत न्हाईत," म्हणाले. मी पैसे पाठवू का विचारलं, ते माझं मलाच घाण वाटलं.

१४ नोव्हेंबर

शाळाबाह्य मुलांची पाहणी चालू आहे. आज माझ्याकडे नदीकाठची शिवारं होती. खोडवा उसाच्या पलीकडे मेंढरं दिसली आणि माझे पाय आपोआप भराभर पडू लागले. मला माहीत होतं. मायव्वाच्या नकाशात हा अठरावा तळ होता.

ती जाळीपाशी कोकराला बाटलीने दूध पाजत होती. उंच झाली आहे. मी कन्नडमध्येच ओरडले, ये इकडे, "मायव्वा! बा इल्ली!"

तिने वर बघितलं. ओळखलं, डोळे चमकले, तोंड उघडलं. आणि मग तिची नजर माझ्या मागे गेली. बांधावर रानाचा मालक उभा होता, धुळाशी बोलत. तिने तोंड मिटलं. चालत माझ्याजवळ आली आणि हळू म्हणाली, "नमस्कार बाई. बऱ्या हायसा का?"

"नी हेंग इद्दी?" मी पुन्हा विचारलं, कशी आहेस. हट्टाने. मूर्खासारखी.

"आमी मराठीच बोलतो बाई," ती म्हणाली, बांधावर ऐकू जाईल अशा बेताने.

मी पाहणीचा कागद काढला, दुसरं काय करणार होते. नाव, मायव्वा. वय, बारा. शाळा सोडल्याचं कारण, स्थलांतर. माझ्यासाठी तिथे रकाना नाही. मग तो रकाना आला. घरी बोलली जाणारी भाषा. मी न विचारता कन्नड लिहिलं. ठळक, दोनदा गिरवून. एवढं तरी खरं लिहायचं होतं.

ती कागदावर वाकून वाचत होती. मराठी वाचायला मीच शिकवलं तिला.

"बाई, ते खोडा."

"का गं? खरं आहे ना ते?"

"खरं हाय म्हनून तर. हितल्या लोकांनी वाचलं तर?" तिने एकदा बांधाकडे बघितलं, एकदा बापाकडे. "अप्पाला मारतील. खोडा की ओ बाई."

मी म्हटलं, हा कागद इथे कुणी वाचणार नाही, थेट वर जातो.  वर गेलेल्या कागदाचं काय होतं ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे.

मी कन्नड खोडलं. वर मराठी लिहिलं. तिने वाचून बघितलं, मान हलवली आणि कोकराला उचलून मेंढरांकडे गेली. खाली लिहिलेलं असतं, प्रत्यक्ष भेटून खात्री केली. तिथे मी सही केली.